मुकुटातली शिडं: एका ‘अनोळखी’ टोपीबिल्ल्याची परीक्षा

आधी वस्तू काय ते सांगते. काळ्या कापडावर जरीत भरलेला, टोपीच्या पुढच्या पट्टीवर बसणारा बिल्ला. मध्ये तांबड्या मखमलीची फुगीर लंबगोल गादी, तिच्यावर नांगर, नांगराला वेढलेला दोर. दोन्ही बाजूंनी वर चढत गेलेली सोनेरी पानं आणि माथ्यावर मुकुट. विक्रेत्याने जाहिरातीत लिहिलं होतं: ‘अनोळखी नौदल-पद्धतीचा कॅप बॅज, राजमुकुट, अधिकाऱ्याचा, युद्धकाळातला, दुर्मीळ.’ सोबत फोटो फक्त समोरून काढलेले, तेही वरून दिवा मारून, म्हणजे जर चमकते आणि बाकी सगळं त्या चमकेत बुडून जातं.

बिल्ला सुंदर आहे, मी ठेवून घेतला आहे, आणि पुन्हा घ्यायची वेळ आली तर पुन्हा घेईन. पण जाहिरातीतला ‘नौदल-पद्धतीचा’ एवढाच शब्द विक्रेत्याने जपून वापरला होता. पुढचं सगळं फोटोला शोभा यावी म्हणून जोडलेलं.

‘नौदल-पद्धतीचा’ हा शब्द मला आवडतो, कारण तो काहीच दावा करत नाही. नांगर आणि भोवती पानांची माळ ही रचना जगभरच्या आरमारांनी वापरली, व्यापारी जहाज कंपन्यांनी वापरली, यॉट क्लबांनी, बंदरातल्या पायलटांनी, समुद्री कॅडेटांनी वापरली. दर्यावर्दी थाट हवा असलेल्या बँडवाल्यांनी आणि हॉटेलच्या दरवानांनीही वापरली. त्यामुळे अशा बिल्ल्यातला नांगर पाहून हुरळून जाण्यात अर्थ नसतो. ओळख पटते ती जिथे हे सगळे एकमेकांपासून वेगळे होतात तिथे, आणि ती जागा बहुतेक वेळा माथ्यावर असते.

मी स्वतः जरीकाम करते. बिल्ले जमवायला लागले ते आरमाराच्या प्रेमापोटी नव्हे, टाक्यांच्या ओढीने. त्यामुळे या परीक्षेत तोफा-जहाजं कमी आणि सुई जास्त येणार, ते सांभाळून घ्या.

पॅकिंगबद्दल दोन ओळी. बिल्ला दोन जाड पुठ्ठ्यांच्या मध्ये, वर पातळ कागद, असा आला. वाकला नव्हता, जरीची तार चेपली नव्हती. कागदाऐवजी प्लास्टिकची पिशवी असती तर मी कुरकुर केली असती, कारण त्यात ओल कोंडते. विक्रेत्याला वस्तूची ओळख नसली तरी हाताळणी ठाऊक आहे.

आता काम. पानं दबक्यात भरलेली आहेत. दबका म्हणजे बारीक तारेची स्प्रिंगसारखी गुंडाळी. तिचे हवे तेवढे तुकडे कापायचे आणि मण्यासारखे सुईत ओवून टाचायचे. पानाच्या एका अर्ध्या भागात गुळगुळीत दबका आहे, दुसऱ्या अर्ध्यात नक्षी, म्हणजे पैलू पाडलेली गुंडाळी. गुळगुळीत बाजू शांत उजळते, नक्षीची बाजू लुकलुकते, आणि त्या फरकातून पानाची मधली शीर आपोआप उभी राहते. शिरेसाठी वेगळा टाका घातलेलाच नाही. हे ज्याने केलं त्याला हात होता. प्रत्येक पानात तुकड्यांची लांबी टोकाकडे कमी होत गेली आहे आणि कुठेही दोन तुकड्यांच्या मधून खालचं पिवळं भरण दिसत नाही. एका ठिकाणी, डाव्या बाजूच्या खालून तिसऱ्या पानात, एक तुकडा किंचित लांब पडला आहे आणि कमानीसारखा उचलला गेला आहे. मशीनवर असं होत नाही. मला तेवढ्यासाठीच ते पान सगळ्यात जास्त आवडतं.

नांगराखाली भरण बरंच उंच दिलेलं आहे, बहुधा पुठ्ठ्याचं, कारण बोटाने दाबलं तर दबत नाही. पानांखालचं भरण मात्र सुताचं. दोरासाठी जाड पिळाची तार वापरून ती वरून टाचली आहे, आणि ती नांगराच्या दांड्याच्या एकदा पुढून, एकदा मागून जाते असं खरोखर दिसतं. स्वस्त कामात दोर नुसता नांगरावर आडवा टाकलेला असतो. हा असा दोर अडकलेला नांगर इंग्लंडच्या लॉर्ड हाय अ‍ॅडमिरलच्या, म्हणजे आरमारप्रमुखाच्या मुद्रेतून पुढे आला आणि तिथून अर्ध्या जगाने उचलला. खऱ्या जहाजावर नांगराला असा दोर गुंतला तर खलाशी शिव्या घालतील. चिन्ह म्हणून मात्र तो चारशे वर्षांहून जास्त काळ मानाने मिरवतो आहे.

पण हातकाम म्हणजे जुनं काम, हा समज सोडून द्या. अशा जरीच्या बिल्ल्यांचं हातकाम आजही चालू आहे. सियालकोट त्यासाठी प्रसिद्ध आहे, भारतातही कारागीर ते करतात. हातकामावरून माल काल-परवाचा आहे की ऐंशी वर्षांपूर्वीचा हे ठरत नाही. त्यासाठी तार बघावी लागते. जुन्या चांगल्या कामात चांदीच्या तारेवर सोन्याचा मुलामा असायचा. मुलामा विरळ झाला की खालची चांदी हवेतल्या गंधकाने काळवंडते, त्यामुळे जुनं काम तपकिरी-काळं होत जातं. आजच्या बऱ्याच मालात तार तांब्याची आणि वर पातळ लेप असतो. तो उडाला की तांबूस झाक येते आणि ओल लागली तर हिरवट. माझ्या बिल्ल्यात पानांची टोकं आणि मुकुटाची खालची पट्टी काळपटली आहे, हिरवं कुठेही नाही. विक्रेत्याने ते साफ केलं नाही, याचे मी त्याला वेगळे गुण देते. जरीवर धातूचं पॉलिश घासणारे लोक मी पाहिले आहेत. पॉलिशची पांढरी पूड गुंडाळीच्या आत जाऊन बसते आणि मग ती कशानेच निघत नाही.

आता मुकुट. इथे विक्रेत्याचं माझं जमत नाही.

ब्रिटिश नौदलाच्या अधिकाऱ्याचा बिल्ला डोळ्यांसमोर आणा: रुपेरी नांगर, सोनेरी लॉरेलची माळ, वर राजमुकुट. जमवणारे लोक पहिली नजर या मुकुटाच्या कमानींवर टाकतात. कमानी वर जाऊन घुमटासारख्या गोल मिटल्या असतील तर तो ट्यूडर मुकुट, बोलण्यात ‘राजाचा मुकुट’. एडवर्ड सातव्यापासून, म्हणजे 1901 पासून एलिझाबेथ राणी गादीवर येईपर्यंत तो चालला. कमानी मध्यभागी खाली लवून मग गोळ्याला भिडत असतील तर तो सेंट एडवर्डचा मुकुट, ‘राणीचा मुकुट’, 1952-53 नंतरचा. इतकी वर्षं हे गणित सोपं होतं. 2022 मध्ये चार्ल्स राजाने पुन्हा ट्यूडर मुकुट निवडला आणि गोल कमानी पाहून डोळे मिटून ‘युद्धकाळातला’ लिहिण्याची सोय संपली. आज शिवलेल्या कोऱ्या बिल्ल्यावरही तसलाच घुमट असू शकतो. जाहिरातीत नुसतं ‘राजाचा मुकुट, म्हणजे 1952 आधीचा’ असं दिसलं, तर कापड आणि पाठ पाहिल्याशिवाय त्यावर विश्वास ठेवू नका.

माझ्या बिल्ल्यावर मात्र घुमट नाही आणि लवलेली कमानही नाही. कमानीच नाहीत. जाहिरातीच्या फोटोत माथ्यावर नुसता चमकता डोंगर दिसत होता, त्याला ‘राजमुकुट’ म्हटलं तरी चालून गेलं असतं. दहापट भिंगाखाली धरला तेव्हा खालची पट्टी, तिच्यावर मधोमध फुगलेलं चौकोनी शीड, शिडाच्या आडकाठीचा एकच आडवा टाका, शेजारी गलबताची उंच पिछाडी, मग दोन्ही कडांना अर्धी-अर्धी दिसणारी शिडं, असं सगळं सुटं सुटं दिसलं. शिडं रुपेरी तारेत आहेत, बाकी सोनेरी. काळवंडल्यामुळे दोन्ही रंग एकमेकांत मिसळून गेले आहेत आणि नुसत्या डोळ्याने फरक कळत नाही. उजेड बाजूने, अगदी कागदाला लागून येईल असा पाडला की कळतो. पिछाडीला तर खिडकीसाठी काळ्या धाग्याचा एक बारीकसा ठिपका ठेवला आहे. करंगळीच्या नखाएवढ्या जागेत! मी असते तर त्या खिडकीचा नाद सोडून दिला असता.

हा राजाचा मुकुट नाही, हा नौमुकुट आहे. एकाआड एक शिडं आणि जहाजांच्या पिछाड्या अशी त्याची ठरलेली घडण. मूळ रोमन, शत्रूच्या जहाजावर पहिली उडी घेणाऱ्याचा मान त्याने होत असे, आणि इ. स. पूर्व 36 मधल्या नौलोकसच्या आरमारी लढाईतल्या विजयानंतर रोमन सेनापती अग्रिप्पाला तो मिळाला होता. ब्रिटनमध्ये हा मुकुट युद्धनौकांच्या मानचिन्हांच्या चौकटीवर बसतो. टोपीवर, माळेच्या माथ्यावर तो दिसला, तर मात्र तो युद्धनौदलाचा बिल्ला नव्हे. तो ब्रिटिश व्यापारी नौदलाचा, मर्चंट नेव्हीचा.

व्यापारी जहाजांवर तोवर ज्या त्या कंपनीचा आपापला गणवेश असे. पहिल्या महायुद्धात व्यापारी खलाशांनी पाणबुड्यांचे तडाखे खाल्ले, हजारोंनी जीव गमावले, आणि 1918 मध्ये त्यांच्यासाठी एक समान गणवेश ठरवला गेला. 1919 मध्ये त्याला कायद्याचं संरक्षण मिळालं. माझा बिल्ला त्या समान नमुन्याचा आहे: नौमुकुट, तांबडी गादी, नांगर. दुसऱ्या महायुद्धात, 1940 पासून, किनाऱ्यावर साध्या कपड्यांत हिंडणाऱ्या व्यापारी खलाशांना कोटावर लावायला ‘एम एन’ अक्षरांचा छोटा रुपेरी बिल्ला दिला जाई. त्याच्याही माथ्यावर हाच नौमुकुट आहे, त्यामुळे शेजारी ठेवून ताडून बघायला तो उत्तम. तो अजूनही सहज सापडतो.

म्हणजे विक्रेत्याने ‘राजमुकुट’ लिहून स्वतःचंच नुकसान केलं. नौमुकुट लिहिलं असतं तर शोधणारे नेमके लोक त्या जाहिरातीवर आले असते. आणि ‘अनोळखी’ हा शब्द त्याला लिहावाच लागला नसता.

फोटोवरून वस्तू ओळखून देणाऱ्या फोनमधल्या सोयीबद्दलही सांगायला हवं, कारण विक्रेत्याने मला पहिल्यांदा तोच सल्ला दिला. मी करून पाहिलं. तिने नांगर ओळखला, माळ ओळखली आणि मग चार-पाच देशांची आरमारं, एक यॉट क्लब आणि फॅशनची एक ब्लेझर-पट्टी समोर टाकली. तिला वेगळेपण दिसत नाही, सारखेपणा दिसतो. इथे उपयोग वेगळेपणाचा आहे. पूर्ण बिल्ल्याऐवजी नुसत्या मुकुटाचा, बाजूने उजेड पाडून काढलेला फोटो दिला तेव्हा उत्तरं बरीच सुधारली. एवढं केलंत तर ती सोय वाईट नाही.

तुमच्या हातात दुसराच एखादा बिल्ला असेल, तर माथ्यापासून सुरुवात करा. अशोकस्तंभाचे सिंह असतील तर भारतीय नौदल, आणि तो 26 जानेवारी 1950 नंतरचा, कारण तोवर तिथे मुकुट होता. चंद्रकोर आणि तारा पाकिस्तानी किंवा तुर्की चिन्हांत येतो. नांगरासोबत पाच पाकळ्यांचं चेरीचं फूल असेल तर जपान. पंख पसरलेला रुपेरी गरुड, छातीशी ढाल आणि मागे दोन आडवेतिडवे सोनेरी नांगर असतील तर अमेरिकन नौदलाचा अधिकारी. त्यात गरुडाची मान बघा. 1941 मध्ये ती वळवून गरुडाच्या स्वतःच्या उजवीकडे केली गेली, त्यामुळे डावीकडे बघणारा गरुड त्याआधीचा. 1945 पर्यंतच्या जर्मन बिल्ल्यात पानं ओकची असतात, काठ नागमोडी, आणि मध्ये नांगराऐवजी रंगीत वर्तुळाची ‘कोकार्ड’. पानंही बोलतात बरं का. ब्रिटिश नौदलाच्या महिला दलातल्या अधिकाऱ्यांच्या बिल्ल्यात माळ सोनेरीऐवजी निळी असे. निळी पानं पाहून ‘रंग उडालेला’ म्हणून स्वस्तात विकलेला असा एक बिल्ला मी पाहिला आहे, आणि घेणारीने तोंडातून चकार शब्द काढला नाही.

माथा सांगत नसेल तर मधला भाग बघायचा. नांगराच्या जागी छोटा झेंडा दिसला की ती जहाज कंपनी समजा. झेंड्याचा रंग आणि आकार हीच तिची सही. 1918 चा समान नमुना आला तरी मोठ्या कंपन्यांनी आपापले बिल्ले चालूच ठेवले. लाल दुभंग शेपटीच्या झेंड्यावर पांढरा पाच टोकांचा तारा म्हणजे व्हाइट स्टार लाइन, टायटॅनिकवाली. पंजात पृथ्वीचा गोल धरलेला सिंह म्हणजे क्युनार्ड. यॉट क्लबचे झेंडे बहुतेक त्रिकोणी. व्हाइट स्टारचा बिल्ला ‘टायटॅनिकचा’ म्हणून कोणी विकायला आणला तर पुढचं वाक्य ऐकायला थांबू नका. त्या कंपनीकडे जहाजांचा ताफा होता आणि बिल्ल्यावर जहाजाचं नाव नसतं.

‘अधिकाऱ्याचा’ या शब्दाबद्दल. हुद्द्याचा नेमका हिशोब बाहीवरच्या पट्ट्यांत असतो. ब्रिटिश युद्धनौदलात वरच्या पट्टीला गोल वळसा, समान गणवेशाच्या मर्चंट नेव्हीत पट्ट्यांमध्ये चौकोनी चौकट, हिऱ्याच्या आकाराची; इंजिनिअर असेल तर पट्ट्यांच्या मधल्या जागेत जांभळं कापड. नुसत्या बिल्ल्यावरून तो कप्तान होता की थर्ड मेट, हे सांगणाऱ्या विक्रेत्याला बाही कुठे आहे ते विचारा.

माझी खरी तक्रार पाठीबद्दल आहे. मी पाठीचा फोटो मागितला, उत्तर आलं, “मागे काही लिहिलेलं नाही, म्हणून काढला नाही.” लिहिलेलं नसलं म्हणून पाठ मुकी नसते! बिल्ला आला तेव्हा पाठीवर जुना तपकिरी कागद खळीने चिकटवलेला, एका कोपऱ्यात सुटलेला, आणि त्या कोपऱ्यातून टाक्यांची उलटी बाजू दिसत होती: मेण लावलेला पिवळा सुती धागा, गाठी लहान, एका पानातून दुसऱ्या पानात धागा ओढत न नेता प्रत्येक पान वेगळं संपवलेलं. काळ्या कापडाच्या काठाला सुईची जुनी भोकं आहेत आणि ती ताणून लांबट झाली आहेत. म्हणजे हा बिल्ला कुठल्यातरी टोपीला खरोखर शिवलेला होता, वापरला गेला आणि मग उसवून काढला. हे दाखवणारा एक फोटो जाहिरातीत असता तर ‘दुर्मीळ’ लिहायची गरजच पडली नसती. ज्याला कळतं तो तेवढ्यावर बिल्ला उचलतो.

वयासाठी अतिनील टॉर्च मारून पाहिला. दुसऱ्या महायुद्धानंतर धाग्यांत आणि धुण्याच्या पावडरींत चकाकी आणणारी रसायनं सर्रास आली. ती अतिनील उजेडात निळसर-पांढरी पेटतात. माझ्या बिल्ल्याचा शिवणीचा धागा पेटला नाही, कागद पेटला नाही, कापडाच्या काठाला अडकलेला एक तंतू मात्र लखलखला. तो नंतरच्या कुठल्यातरी पेटीतला किंवा कुणाच्या तरी शर्टाचा. पेटला नाही म्हणजे जुनाच, असं या चाचणीने सिद्ध होत नाही, कारण आजही साधा सुती धागा मिळतो. उलट पेटला असता तर ‘युद्धकाळातला’ हा शब्द मी तिथेच खोडला असता. तार, धागा, कागद, भोकं हे सगळं एकाच दिशेला बोट दाखवतं, म्हणून मी याला 1918 नंतरचा आणि बहुधा विसाव्या शतकाच्या मध्याआधीचा धरते. गंमत अशी की नौमुकुट राजा-राणीसोबत बदलत नाही, त्यामुळे युद्धनौदलाच्या बिल्ल्यात जे काम कमानी करतात, ते इथे कोणीच करत नाही. ‘युद्धकाळातला’ हे कदाचित खरंही असेल. विक्रेत्यापाशी मात्र ते म्हणायला काही आधार नव्हता.

धातूचे बिल्ले घेणाऱ्यांसाठी जाता जाता, कारण पाठीचं महत्त्व तिथे दुप्पट. ठशाने दाबून काढलेल्या बिल्ल्याच्या पाठीवर पुढच्या नक्षीचा उलटा खोलगट ठसा दिसतो. साच्यात ओतलेल्या नकलेची पाठ सपाट किंवा खडबडीत असते, बारकावे बोथट होतात, आणि धातू थंड होताना आक्रसतो म्हणून ती अस्सलपेक्षा किंचित लहान भरते, मोजपट्टी ठेवा. हलका, एकसारखा पिवळा चकाकणारा बिल्ला अ‍ॅनोडाइज्ड अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर तो 1950 च्या दशकाच्या अलीकडचा. आणि चांदीच्या बिल्ल्यामागे इवलासा नांगर कोरलेला दिसला तर नाचू नका. तो बर्मिंगहॅमच्या चांदी-तपासणी कार्यालयाचा शिक्का आहे, 1773 पासून चालत आलेला. बर्मिंगहॅम समुद्रापासून चांगलं लांब आहे. तोच नांगर चमच्यांवर आणि चहाच्या किटल्यांवरही असतो. शेजारी चालणारा सिंह असेल तर चांदी स्टर्लिंग प्रतीची, आणि त्यापुढचं अक्षर वर्ष सांगतं. म्हणजे हा नांगर नौदलाबद्दल काहीच सांगत नाही, पण तारखेबद्दल मुकुटापेक्षा जास्त सांगतो.

विक्रेत्याला मी हे सगळं कळवलं. तो रागावला नाही. जाहिरातीतलं वर्णन त्याने बदललं, ‘राजमुकुट’ काढून ‘नौमुकुट’ केलं, ‘अधिकाऱ्याचा’ आणि ‘दुर्मीळ’ मात्र तसंच ठेवलं. विकून झालेल्या वस्तूची जाहिरात सुधारणारा माणूस मी प्रथमच पाहिला, म्हणून एक गुण वाढवते.

पाचपैकी: कारागिरीला पाच. अवस्थेला चार; तो सुटलेला कागद मी चिकटवणार नाही, पण ज्याला भिंतीवर लावायचा आहे त्याला खटकेल. पॅकिंगला चार. वर्णनाला दोन, दुरुस्तीनंतर तीन. फोटोंना एक.

ठेवताना मी तो आम्लविरहित कागदात, पुठ्ठ्याच्या डबीत, लोकर आणि रबर या दोन्हींपासून लांब ठेवला आहे, कारण दोन्हींतून गंधक सुटतं आणि चांदी आणखी काळी होते. त्याच विक्रेत्याने परवा आणखी एक ‘अनोळखी’ टाकला आहे: माळ, मध्ये झेंडा, माथा रिकामा. फोटो पुन्हा समोरूनच. पाठीचा मागितला आहे.